जुव्यावर कावळा नाही

२६ मार्च
पोचलो. तीन एसट्या आणि एक होडी. राजापूर ते रत्नागिरी, रत्नागिरी ते गुहागर, गुहागर ते बंदर, आणि पुढे येसूबाईची होडी. मुंबई परवडली, तिथे जाताना झोप तरी लागते.

ही वही माझी. मॅडमनी दिलेली वेगळी, तिच्यात पक्ष्याचं लिहायचं. हिच्यात माझं. कोणी वाचणार नाही, त्यामुळे अक्षराचं टेन्शन नाही. आठवी नापासाला अक्षराचं टेन्शन कसलं म्हणा.

जुवा म्हणजे खाडीच्या तोंडावरचं वाळूचं बेट. एका टोकाला हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाते, पण दुसऱ्या टोकाला कोणी नाही. थोडी मर्यादवेल, वाहून आलेला एक मोठा ओंडका, आणि माझी ताडपत्रीची खोप. बस.

काम : चिखल्याची राखण. चिखल्या म्हणजे चिमणीहून थोडा मोठा, वाळूच्याच रंगाचा, सारखा धावत सुटणारा पक्षी. थंडीत आपल्या किनाऱ्यावर ढिगानं येतात. पण रत्नागिरीच्या ऋजुता मॅडम पक्ष्यांवर पीएचडी करतायत, त्यांचं म्हणणं ही इथली एकच जोडी वेगळी. दक्षिणेकडच्या बेटांवरची जात, इतक्या वर कधी कोणाला दिसलेली नाही. नुसत्या फोटोवर मोठे लोक विश्वास ठेवत नाहीत. अंडी झाली, पिल्लं निघाली, एखादं पीस नाहीतर कवच लॅबमध्ये गेलं, की पक्कं. मग जुवा राखीव होईल. नाहीतर पुढच्या सीझनला इथे बोटिंगवाल्यांचं कॅन्टीन येणार आहे.

म्हणजे सगळं माझ्यावर आहे.

संकल्प : हे काम सोडायचं नाही. आजपर्यंत कामं सुटली त्यात माझी चूक कुठेच नव्हती. पनवेलचं हॉटेल, मालकाचा स्वभाव. कुरिअर, जिने. नालासोपाऱ्याला वॉचमन होतो, तिथे डास. इथे मालक नाही, जिने नाहीत. डास आहेत, पण वारा असला की नसतात.

२७ मार्च
मॅडम आल्या, तीन गोष्टी सांगून गेल्या. ओंडक्याच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, दुर्बिणीतून बघायचं. वाळूत काही रोवायचं नाही. आणि खरकटं इथे टाकायचं नाही, डब्यात भरून येसूबाईच्या होडीतून परत धाडायचं. का, तर या जुव्यावर कुत्रा नाही, कावळा नाही, माणूस नाही, म्हणून तर तो पक्षी इथे आला. मी म्हटलं, आता माणूस आहे मॅडम, काळजी सोडा. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. इम्प्रेस झाल्या असाव्यात.

३० मार्च, पाडवा
येसूबाई ओहोटीला मुळे काढायला येते, शिंपल्यातले मुळे, आणि येताना माझं पाणी आणते. वय विचारलं तर म्हटलंन तुझ्या आजीला विचार, आम्ही एकत्र शाळेत नव्हतो गेलो.

सण म्हणून गुढी उभी केली. काठी येसूबाईची. साडी नव्हती, पनवेलच्या हॉटेलचा निळा शर्ट घातला. वर स्टीलचा ग्लास. वाळूत काही रोवायचं नाही असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण गुढी रोवत नाहीत, उभारतात. येसूबाई हसून हसून खाली बसली. म्हटलंन, बुजगावणा केलंस मेल्या, पाखरू बघून पाकिस्तानात जाईल.

पाखरू कुठे गेलं नाही. संध्याकाळी गुढी उतरवली. काठी राहू दिली, उपयोगी पडेल.

२ एप्रिल
अंडी! तीन!

वाळूत नुसता खळगा, भोवती शिंपल्याच्या कपच्या. ओंडक्यावरून नीट दिसेना म्हणून थोडा पुढे गेलो. थोडा म्हणजे पार तिथपर्यंत. नियम पक्षी घाबरू नये म्हणून आहे आणि मी पोचलो तेव्हा पक्षी तिथे नव्हताच. (मला बघून उठला होता, ती वेगळी गोष्ट.) मादी समोरून पंख मोडल्यासारखी वाळूत घसटत निघाली. जखमी झाली म्हणून मागे गेलो, तर अर्धा जुवा फिरवून आरामात उडाली. नाटकी.

रेंज फक्त ओंडक्यावर उभं राहून हात वर केला की मिळते. फोन वर धरून स्पीकरवर ओरडलो, मॅडम, तीन! पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं कट झाला. मग कळलं, रडतायत. माझ्यामुळे कोणी आनंदानं रडलं असं आठवत नाही.

विचारलं, नवीन जात निघाली तर नाव कोणाचं लागतं. म्हणाल्या, जात जुनीच आहे, जागा नवीन. मग जागेला नाव देता येईल. काशीराम जुवा. वाईट नाही.

५ एप्रिल
आज अंडीच सापडेनात. वाळूत इतकी मिसळतात की मी तिसऱ्यांदा जाऊन शोधली तेव्हा पायाखाली येता येता वाचली. येसूबाईचा पाय पडला असता तर? म्हणून पाडव्याची काठी घरट्याजवळ उभी केली, वर लाल फडकं. आता कोणालाही लांबून कळेल अंडी कुठे आहेत.

हे डोकं मॅडमना सुचलं नसतं. शिक्षणानं माणूस घाबरट होतो.

७ एप्रिल
आईचा फोन. आप्पांची तिथी वीस तारखेला, येतोस ना. मी म्हटलं जुव्यावर आहे, कसं जमेल. मागून दीपकदादाचा आवाज, आई, तो जुव्यावर बसलाय म्हणजे पत्ते कुटतोय, पैसे संपले की येईल. वहिनी पण हसली. मी सांगितलं जुवा म्हणजे बेट. दादा बोलला, बेट काय, बेट लावतात तोच ना. मी फोन खाली घेतला, रेंज आपोआप गेली.

मला माहीत आहे दादा का बोलतो. गेल्या चैत्रात आप्पा गेले तेव्हा मी दहाव्याला नव्हतो, बाराव्याला पोचलो. गाडीचा प्रॉब्लेम होता. दहाव्याला नदीवर पिंडाला कावळा शिवेना. दुपार झाली. कावळे आंब्यावर बसून नुसते बघत होते. काकांनी सांगितलं आप्पांची काहीतरी इच्छा अडकली आहे. दादानं हात जोडून म्हटलंन, आप्पा, काशा एका ठिकाणी टिकेल असं बघेन. तरी शिवला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावलान. तेव्हापासून अख्खी वाडी म्हणते, आप्पाचा जीव काशात अडकलाय.

कावळे त्या दिवशी दुसरीकडे जेवून आले असतील. पण एवढी साधी शक्यता कोणी लक्षात घेत नाही.

९ एप्रिल
मॅडम आल्या. काठी बघून चेहरा पडला. म्हणाल्या, ही आत्ताच्या आत्ता काढ. मी काढली. त्या गेल्यावर अंडी परत दिसेनाशी झाली, म्हणून पुन्हा लावली. फडकं मात्र काढून टाकलं. निम्मं ऐकलं म्हणजे ऐकलंच.

तिथीचं येसूबाईनं त्यांना सांगितलंन वाटतं. मॅडम म्हणाल्या, दोन दिवस घरी जा, मी इथे बसते. मी नाही म्हटलं. ड्यूटी म्हणजे ड्यूटी. मॅडम म्हणाल्या, अरे पण वडिलांचं आहे. मी म्हटलं, अंड्यांना माझी सवय झाली आहे.

१० एप्रिल
जायला काही हरकत नव्हती. पण अंडी सोडून कसा जाऊ. आणि तिथे सगळे पंगतीत बसून माझ्याकडे बघणार, कावळा शिवला नाही तर जास्तच बघणार. माझ्यासाठी नाही, अंड्यांसाठी थांबलो आहे.

निर्णय : तिथी इथेच करायची. आणि कावळा इथे शिवून दाखवायचा. शिवला की फोटो काढून दादाला पाठवायचा.

एकच अडचण. जुव्यावर कावळा नाही.

१२ एप्रिल
विचार केला. हॉटेलात शिकलो आहे, गिऱ्हाईक एका दिवसात येत नाही, सवय लावावी लागते. आजपासून रोज भाताचा एक घास ओंडक्यावर ठेवायचा. वीस तारखेपर्यंत एक तरी कावळा लागेल. याला प्लॅनिंग म्हणतात.

खरकटं टाकायचं नाही असं मॅडम म्हणाल्या. हे खरकटं नाही, ताजं आहे.

१४ एप्रिल
भात तसाच. मुंग्या आल्या फक्त.

येसूबाईला विचारलं कावळे असतात कुठे. म्हटलंन, कावळं बंदरावर, सुकटीच्या वाळवणावर. इथं कशाक येतील, तुझ्या बिनमिठाच्या भाताला? मग आमचं दोघांचं डोकं एकदम चाललं. उद्या सुकट आणते म्हटलंन. आप्पांना सुकट आवडायची हे पण खरं आहे. एकादशीला आईची नजर चुकवून चुलीत भाजायचे, वासावरून पकडले जायचे.

१५ एप्रिल
आला!! एक. सुकट ठेवली आणि हात पुसतोय तोवर बंदराकडून सरळ उडत आला. आधी काठीवर बसला, सगळा जुवा बघून घेतलान, मग ओंडक्यावर. काठीचा हा फायदा मी धरलाच नव्हता.

मॅडमच्या वहीत रोज लिहायचं असतं, शिकारी पक्षी दिसले काय. मी 'नाही' लिहिलं. हा शिकारी नाही, पाहुणा आहे.

१७ एप्रिल
पाच. दोन काठीवर पाळी लावतात. एक लंगडा आहे, तो सगळ्यात आधी येतो आणि सगळ्यात शेवटी जातो. आप्पांचा डावा पाय शेवटच्या वर्षी सुजायचा. मी काही म्हणत नाही, फक्त लिहून ठेवतो.

१८ एप्रिल
लंगडा आज घरट्याच्या बाजूला उतरला. मादी अंगावर धावून गेली, एवढीशी, पण तिनं चोच मारलीन. मी बेचकी काढली. लहानपणी कैऱ्या पाडायचो, नेम चांगला आहे. दगड त्याच्या पायाशी पडला, सगळे उडाले. माझ्या असण्याचा उपयोग हाच.

कावळ्यांना स्पष्ट सांगितलं. वीस तारखेपर्यंत. नंतर बंद.

येसूबाईनं म्हटलंन, माणसाची वाणी त्यांना कळते, पण तारीख कळत नाय.

१९ एप्रिल
तयारी. वड्यांचं पीठ येसूबाईनं दळून आणलंन. काळ्या वाटाण्याचं सांबारं उद्या ती तिकडून करून आणणार. मी म्हटलं, तुम्ही एवढं का करता. म्हटलंन, मेल्यांचं करावं, जित्यांचं कोण आठवतो. आणि मग माझ्याच चुलीपुढे बसून माझीच चहापूड संपवलीन.

मादी दिवसभर उन्हात अंड्यांवर. ऊन इतकं की अंडी शिजायची, म्हणून ती पोट ओलं करून येते आणि त्यांच्यावर पाणी झिरपवते. मग नर येतो, मग ती जाते. एकदाही दोघं एकदम उठली नाहीत. माझ्या आईआप्पांचं असंच होतं, शेतात एक आणि घरात एक. भेटायचे फक्त बांधावर.

पिल्लं निघायला अजून सहा-सात दिवस, मॅडम म्हणतात.

२० एप्रिल, सकाळ
खाडीत आंघोळ. वडे फुगले नाहीत. केळीच्या पानावर वडे, सांबारं, भात, खीर वाढली, कडेला चिमूटभर सुकट. सुकट श्राद्धाला चालत नाही मला माहीत आहे. आप्पांना चालायची.

पान ओंडक्यावर ठेवलं. हात जोडले. सगळे कावळे हजर, आणि एकही पुढे येईना. चार-पाच दिवस मेले हातातलं ओढायचे. आज बसून नुसते बघतायत. तेच. नदीवर झालं तेच. येसूबाई होडीकडे तोंड करून उभी राहिली, मला अवघड वाटू नये म्हणून.

मग मोठ्यानं बोललो. आप्पा, हे काम मी सोडणार नाही. पिल्लं उडेपर्यंत इथून हलणार नाही. तुमची शपथ.

काठीवरचा लंगडा उडाला तो सरळ पानावर. आधी सुकट उचललीन, मग वडा.

शिवला.

येसूबाईनं दोन्ही हात कपाळाला लावलेन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्यानं वाळू पण जाते.

फोटो काढायचा राहिला.

२० एप्रिल, दुपार
लिहायला हवं म्हणून लिहितो.

येसूबाई गेली. पान साफ झालं. बाकीचे उडाले. लंगडा काठीवर जाऊन बसला. मग खाली उतरला आणि चालत निघाला. घाई नाही. आप्पा जेवून पडवीत यायचे तसा. मादी पंख मोडल्याचं नाटक करत लांब लांब घसटत गेली. त्यानं तिच्याकडे बघितलंनसुद्धा नाही. नर डोक्यावरून ओरडत होता.

बेचकी माझ्या हातात होती. दगड लावलेला होता. रबर कानापर्यंत ओढलेलं होतं.

नेम लागला नसता. वारा होता.

आणि आत्ता माझ्या हातचं जेवलेला. माझा शब्द ऐकून आलेला. त्याला दगड कसा मारणार.

२० एप्रिल, संध्याकाळ
बहुतेक त्यानं नुसतं बघितलंन. नातवंडं बघून जावीत तसं.

बघायला गेलो नाही. ओंडक्याच्या पुढे जायचं नाही असा नियम आहे.

२१ एप्रिल
गेलो. खळगा रिकामा. दोन अर्धी कवचं.

पिल्लं निघाली! आधी निघाली, पण वेगळी जात आहे, लवकर निघत असतील. मॅडमच म्हणाल्या होत्या की या पक्ष्याची पिल्लं जन्मल्या जन्मल्या धावायला लागतात. म्हणजे धावली. कवच हाच पुरावा. कावळ्यानं खाल्ली असती तर कवच ठेवलं असतं का?

तिसरं कवच नाही. ते पिल्लू कवचासकट धावलं असेल. थोडं लांब गेल्यावर टाकतात.

२२ एप्रिल
दिवसभर पिल्लं शोधली. एक दिसलं, वेलीत शिरलं. हात घातला. खेकडा होता, चावला.

जोडी जुव्यावरच आहे. घरट्याच्या जागी जाऊन उभी राहतात, थोडं धावतात, परत येऊन उभी राहतात. पिल्लांना शिकवत असणार.

मॅडमना फोन केला. ओंडक्यावरून ओरडलो, निघाली! मॅडम पलीकडे ओरडल्या. मग म्हणाल्या, किती? मी म्हटलं, तीन. सांगताना फोन वर होता, त्यामुळे माझं तोंड कोणाला दिसलं नाही.

२३ एप्रिल
मॅडम सकाळच्या भरतीला आल्या. हातात गुहागरचे पेढे. होडीतून उतरता उतरता एक येसूबाईला, एक मला. माझा हातातच राहिला.

मी पुढे होऊन कवचं दाखवली. त्या गुडघ्यांवर बसल्या. कवच उलटं केलं. आत पिवळं सुकलेलं होतं, मुंग्या होत्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, काशीराम, पिल्लू निघालं की आई कवच चोचीत धरून लांब टाकून येते. वास राहू नये म्हणून. निघालेल्या घरट्यात कवच कधी सापडत नाही.

मी म्हटलं, ही वेगळी जात आहे ना.

त्या म्हणाल्या, हो.

मग त्यांनी काठी बघितली. काठीखालची पांढरी शिट बघितली. ओंडक्यावर सुकलेलं केळीचं पान होतं ते बघितलं. येसूबाईनं म्हटलंन, तिथी होती वो बापाची. मॅडमनी मान हलवली. कवचं कागदात बांधली. पेढ्यांचा पुडा पिशवीत परत ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पनवेलचा मालक ओरडायचा, मग मला रागावून काम सोडता यायचं.

जाताना एवढंच विचारलं, तेव्हा तू कुठे होतास?

मी म्हटलं, इथेच.

२४ एप्रिल
काही नाही.

२६ एप्रिल
असं बसून चालणार नाही. नवीन संकल्प. एक, कावळे हटाव. दोन, काठी उपटली, तोडली, जाळली. तीन, खोपीबाहेर एक शीतही नाही. सुकट बंद, भात बंद. मी पण निम्मं जेवतो, म्हणजे वास निम्मा.

चिखल्ये पुन्हा अंडी घालू शकतात, मॅडमनी फोनवर सांगितलं. आवाज अगदी नेहमीसारखा ठेवला होता. मेहनत घेऊन ठेवला होता.

२८ एप्रिल
कावळे जात नाहीत. मी खोपीत असलो की खोपीवर. मी पाण्याला गेलो की पाण्यावर. बेचकी उचलली की उडतात, ठेवली की बसतात. लंगड्यावर एकदा नेम धरला. बेचकी परत ठेवली. वारा होता.

येसूबाईनं म्हटलंन, तू हललास की ते हलतात, तू बसलास की ते बसतात. वरात हाय मेल्या तुझी, नवरी तेवढी नाय.

३० एप्रिल
दुसऱ्या टोकाला नवीन खळगा! एक अंडं. दुर्बिणीतून बघितलं. ओंडक्यावरून. पुढे गेलो नाही. खरंच गेलो नाही.

२ मे
दोन अंडी. मी दिवसभर खोपीत आडवा. हललो नाही, म्हणजे कावळे हलणार नाहीत असं गणित. दुपारी खोकला आला तो उशीत दाबला. एक तरी कावळा उठून त्या टोकाला गेला. मी बाहेर पळालो, तर बाकीचे पण माझ्या मागून तिकडेच यायला निघाले. मला उलटा पळत यावं लागलं, सगळ्यांना घेऊन. त्यांना खोपीकडे वळवायला शेवटी भात टाकला.

भात टाकला तरी चूक, नाही टाकला तरी चूक. असं काम आजवर कुठे केलं नाही.

४ मे
मॅडम आल्या. लॅबचं आलं. तीच जात. पक्की. त्या फार हळू बोलल्या, शेजारच्या घरात आजारी माणूस असावं तशा. आता अर्ज जाईल. पण अर्जात घरटं दाखवावं लागेल, आणि तुटलेल्या कवचांवर जुवा राखीव होतो की नाही, माहीत नाही. या दोन अंड्यांतून पिल्लं निघायला पाहिजेत.

मी म्हटलं, मी आहे.

त्या कावळ्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, काशीराम, ते तुझ्यासाठी येतात. तू नसलास तर इथे त्यांच्यासाठी काही नाही.

मी म्हटलं, मॅडम, मी शपथ घेतली आहे. हलणार नाही म्हणून.

म्हणाल्या, मला माहीत आहे. येसूबाईंनी सांगितलं.

पुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि मी पण नाही. पहिल्या दिवशी त्या अशाच गप्प बसल्या होत्या. तेव्हा मी इम्प्रेस झाल्या असं लिहिलं होतं. मागचं पान काढून बघितलं.

५ मे, गुहागर स्टँड
खोप मोडली. ताडपत्री घडी केली. राख पण डब्यात भरली. येसूबाईनं होडीत बसवलंन आणि म्हटलंन, मागं बघू नको, तू बघितलंस तर तेपण बघतील. कावळे होडीबरोबर बंदरापर्यंत आले. लंगडा सगळ्यात शेवटी.

काम सोडलं की मी कारण लिहितो. मालकाचा स्वभाव, जिने, डास. आज सुचत नाही. हे पहिलं काम जे मी सोडलं नाही.

राजापूरची गाडी लागली.

७ मे, घरी
येसूबाईचा फोन. दोन दिवस कावळे जुन्या खोपीच्या जागेवर येऊन बसत होते. आज एक नाय म्हटलंन. अंडी हायेत. मॅडम बंदरावरून दुर्बीण लावून बसल्या आहेत, त्यांच्या चहाची सोय येसूबाईकडे. चहापूड स्वतःची आणतात म्हटलंन, तुझ्यासारखी नाय.

दादानं काही विचारलंन नाही. पत्त्यांचं पण बोलला नाही. माझी बॅग स्वतः आत नेऊन ठेवलीन.

आईनं वडे केले होते. फुगलेले. मी पडवीत जेवायला बसलो, ती समोर पंखा हलवत बसली. मग हळूच विचारलंन, काशा, तिकडे पान ठेवलंस ना रे? शिवला का कावळा?

मी म्हटलं, शिवला.

लगेच?

म्हटलं, मी बोललो आणि लगेच शिवला.

आईनं पंखा खाली ठेवलान, डोळे मिटून हात जोडलेन. म्हटलंन, सुटले. वर्षभर घास उतरत नव्हता मला.

अंगणात आंब्यावर एक ओरडायला लागला. मी ताट उचललं, आत गेलो आणि दार लोटून घेतलं.